कडुनिंबावरचा आवाज

२२ जून, रविवार

लॉनला भोकं पडलीत. पेन्सिल आत जाईल एवढी, गोल गोल, गिरमिटाने पाडल्यासारखी. सकाळी पाइप लावताना दिसली. कडुनिंबाच्या बुडाशी जास्त, मग तुरळक पार गेटपर्यंत.

सुपरवायझर आला. बुटाने माती उकरून बघितली. "ये क्या है? चूहा?" मी म्हटलं, चूहा इतना पतला नहीं होता. "तो फिर तेरी गलती है." झालं. गल्फमधल्या या सिलिकॉन ओएसिस वस्तीत, या एका गल्लीत आमच्या माळीकामाला पाच व्हिला आहेत, पण या लॉनवर त्याचा भारी जीव.

सोमादा खाली बसला आणि एका भोकात गवताची काडी घातली. काडी हलली. "आतनं कोणतरी ओढतंय रे नाग्या," म्हणाला आणि खो खो हसत सुटला. सोमादा म्हणजे सोमनाथ, आमच्या वाडीतला. त्यानेच मला इथे आणलं. मी सातवीत शाळा सोडली, तो दहावी नापास. म्हणून बँकेची, व्हिसाची सगळी कामं तो करतो.

संध्याकाळी सगुणाचा मेसेज. ती बोलूनच पाठवते, मला वाचायला वेळ लागतो म्हणून. रोज चार ओळी लिहीत जा, हात बसेल, हे पण तिचंच. म्हणून हे लिहितोय. आजचा मेसेज असा: "दादाला कधी सांगणार? का गणपतीला येऊन नुसता आरतीला टाळ वाजवून परत जाणार?"

दादा म्हणजे सोमादाच. ती त्याची धाकटी बहीण. तिथेच तर सगळं अडलंय. ज्याच्या जिवावर इथे आलो, ज्याच्या शेजारच्या बंकवर झोपतो, त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

२४ जून, मंगळवार

कळलं कोण ते!

उन्हाळ्याची ती सक्तीची दुपारची सुट्टी सुरू झाल्यापासून आमचं काम अंधार पडेपर्यंत चालतं. आज ऊन उतरल्यावर पाणी मारत होतो तर भोकातून एक मातकट किडा वर आला. कुबडा, पुढचे पाय खेकड्यासारखे. मग दुसरा. मग बघावं तिकडे. सगळे आपले हळूहळू कडुनिंबाकडे निघालेले, जसं कोणी हाक मारलीय. खोडावर चढले, तिथेच घट्ट बसले. पाठ मधोमध फाटली आणि आतून ओला, फिक्कट हिरवा जीव बाहेर आला. पंख आधी चुरगळलेले होते, मग हळूहळू सरळ झाले.

घरी आम्ही यांना किरकिरे म्हणायचो. उन्हाळ्यात झाडावर बसून दिवसभर कान खातात ते. पण जमिनीतून येतात हे मला माहीत नव्हतं. वरचेच असतात असं वाटायचं.

व्हिलातल्या म्हाताऱ्या शहरबानू खाला खुर्ची घेऊन बाहेर आल्या. मूळच्या हर्णैच्या. आमच्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून आमचं काम संपेपर्यंत बाहेर थांबतात. म्हणाल्या, "हात लावू नका रे. किती वर्षं अंधारात काढली असतील बिचाऱ्यांनी." त्यांची नात इन्शा दारातूनच ओरडली, "दादी, इट्स सो ग्रॉस!" खाला म्हणाल्या, "ही काय म्हणते ते मला कळत नाही, पण तोंड बघून कळतं."

सोमादाने एक रिकामं टरफल काढून खिशावर लावलं. "आमची सगु हे वेणीला लावून शाळेत जायची. मास्तर पण घाबरायचे." मी खाली बघून पाइप गुंडाळत बसलो. तिच्याबद्दल तो बोलायला लागला की माझे कान तापतात.

२८ जून, शनिवार

आता आवाज सुरू झालाय. दुपारी तर विचारू नका. मोठ्या कढईत फोडणी टाकावी आणि ती थांबूच नये तसा. समोरासमोर उभे राहून बोललो तरी ऐकू येत नाही. सोमादा आणि मी हातवारे करतो.

आवाज रेकॉर्ड करून सगुणाला पाठवला. ती म्हणाली, "तिकडे पण हेच? मग तू परदेशात गेलास कुठे?" हसली. मग खोकली. लावणीच्या चिखलात पायाला दगड लागलाय म्हणे, आणि ताप आहे. "जरासाच आहे. दादाला सांगशील तेव्हा उतरेल."

गणपतीला सांगणार. नक्की.

३० जून, सोमवार

तिचा मेसेज नाही. माझ्या मेसेजला एकच टिक.

२ जुलै, बुधवार

सोमादाला घरून फोन होता. सगुला दवाखान्यात ठेवलंय, सलाईन लावलंय. तो म्हणाला, "ती सुईला घाबरते, अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला असेल." मी विचारलं, कुठला ताप? तो म्हणाला, तुला काय करायचंय, तू काय डॉक्टर? सहज म्हणाला असेल. पण मी उठून परत ती एक टिक बघितली.

३ जुलै, गुरुवार

सगुणा गेली.

तरी लिहितो. तिने लिही म्हटलं होतं.

दुपारच्या सुट्टीत आईचा फोन आला. मी कडुनिंबाखाली. वरून तो आवाज. काही ऐकू येईना. एका कानात बोट घातलं, "काय? मोठ्याने बोल!" आई बोलली. "काय? परत सांग!" आईला मी तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ती ओरडून म्हणाली, "सगुणा गेली रे, सोमाची सगुणा, पहाटे."

रत्नागिरीला नेताना वाटेतच. पावसाळ्यात चिखलातून येतो तो उंदराचा ताप. दुपारपर्यंत सगळं आटपलं पण.

आई म्हणाली, "सोमाला कळू देऊ नको. त्याच्या बाबांनी सगळ्या वाडीला शपथ घातलीय. तो तिकडे खजुराच्या माडावर चढतो, हात सुटला म्हणजे? आणि कळून करणार काय? रजा मिळायची नाही, नुसता तडफडेल. दिवस होऊन जाऊ देत. तू जवळ आहेस म्हणून तुला सांगितलं. लक्ष ठेव त्याच्यावर." मी हो म्हटलं. आईला काय माहीत ती कोणाला काय सांगतेय.

गल्फवाल्यांच्या घरी हे असंच चालतं. आमच्या रूमवरच्या तय्यबचा बाप गेला तेव्हा त्याला ईदनंतर कळवलं होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आम्ही त्याच्याबरोबर पत्ते खेळत होतो.

फोन ठेवतोय तोच वाडीच्या ग्रुपवर टिंग. तिचा फोटो. भावपूर्ण श्रद्धांजली. कोणी शहाण्याने बॅनर टाकला! फोटो कुठला तर तिच्या मावशीच्या लग्नातला, निळ्या साडीतला. म्हटलं, सोमादाने बघितला तर? धावत मागे गेलो. तो पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे सावलीत आडवा, तोंडावर टॉवेल, फोन बाजूला पडलेला. उचलला. त्याचा पासवर्ड मला ठाऊक आहे, सगुणाचं जन्मवर्ष. ग्रुप उघडला आणि बॅनर पुसून टाकला. त्याने हालचाल पण केली नाही. झोप लागली होती. बरं झालं.

परत कडुनिंबाखाली आलो. खोडाला डोकं टेकवलं आणि रडलो. मोठ्याने. वरून ते कोकलत होते, खालून मी. कोणाला काही कळलं नाही. रूमवर आठ माणसं आहेत. इथेच काय ते.

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. जेवणाची पाळी तय्यबची. त्याने सुरमई आणली, नारळ वाटून कालवण केलं. सगळी रूम खूश. सोमादा पण ताट घेऊन बसायला लागला.

आणि मला सुतक आठवलं. सख्खी बहीण. दहा दिवस. ज्याला माहीतच नाही त्याला सुतक लागतं का? ठाऊक नाही. विचारू कोणाला? पण पुढे कळेल तेव्हा हा स्वतःला काय म्हणेल? तिकडे बहीण गेली आणि इकडे मी मासे खात होतो. आयुष्यभर जेवण घशाखाली उतरणार नाही त्याच्या.

मी पातेलं उचलायला गेलो आणि हातातून सोडलं. सगळं कालवण फरशीवर.

तय्यब एवढा भडकला, "हात आहेत का फावडी? तीन तास केलंय रे, तीन तास! माझ्या अम्मीचा मसाला होता तो!" बाकीच्यांनी पण शिव्या घातल्या. सोमादाने नाही. म्हणाला, "जाऊ दे तय्यब. माझं पण पोट ठीक नव्हतंच. दहीभात खाऊ." मी फरशी पुसत होतो, त्याने पण दुसरं फडकं घेतलं.

जेवल्यावर बंकवर पडून वर बघत बोलला, "नाग्या, गणपतीला गेलो की सगुचं बघायला पाहिजे. लांब नाही द्यायची. वाडीतलाच कोणी असला तरी मला चालेल."

दीड वर्ष हे ऐकायला थांबलो होतो मी.

"हो," म्हटलं. संडासात गेलो आणि नळ सोडून बसलो.

७ जुलै, सोमवार

माडांवर खजुराचे घड जड झालेत, जाळ्या बांधायच्या आहेत. कमरेला दोर बांधून वर जावं लागतं. मी दोर घेतला. सोमादाने माझ्या हातातून ओढला.

"मी चढतो."
"तू परवा चढलास. आज मी."
"तुझे डोळे बघ, मिरचीसारखे झालेत. झोपत नाहीस रात्रीचा."
"तुझे बघ की."
"माझे उन्हाने."
"माझे पण उन्हानेच."

दोघांनी दोर धरलेला, कोणीच सोडेना. मला त्याला वर जाऊ द्यायचं नव्हतं. वर असताना कोणी मूर्खाने फोन केला तर? तो मला का अडवत होता कोण जाणे. थोरलेपणा, दुसरं काय. सुपरवायझर "यल्ला, यल्ला!" अशी घाई करत आला. बघितलं तर दोन बाप्ये दोर ओढतायत. "शादी में आए हो क्या? छोडो दोनों! आज हेज काटो." माडावर त्याने दुसऱ्या गँगचा माणूस चढवला.

दुपारी मी माझ्या झाडाखाली, तो मोटारीच्या खोलीमागे. तिथे पण एक कडुनिंब आहे. तिथे झोप छान लागते म्हणतो. चेहरा सुजेपर्यंत झोपतो.

तिचे जुने मेसेज ऐकायला फोन कानाला लावला. किरकिऱ्यांच्या आवाजात तिचा आवाज बुडाला. पण कुठला मेसेज आहे ते मला कळत होतं. पाठच झालेत.

९ जुलै, बुधवार

रेहान साहेब, म्हणजे खालांचा मुलगा, घरून काम करतो. आज चिडून बाहेर आला. मीटिंगमध्ये कोणाला काही ऐकू येत नाही म्हणे. सुपरवायझरला बोलावून घेतलं. शनिवारी फवारा मारायचा. लॉनवर, झाडांवर, सगळीकडे. "खलास करो इनको."

खाला म्हणाल्या, "महिनाभर जगतात रे. तेवढा पण नाही का दम धरता येत?"
"अम्मी, माझी नोकरी आहे."
"त्यांची पण तीच नोकरी आहे. ओरडायची."

साहेब हसला, पण शनिवार काही बदलला नाही.

मग मी रडायला कुठे जाऊ?

१० जुलै, गुरुवार

आज खालांनी पकडलं.

दुपारी कडुनिंबाखाली होतो. डोळे उघडले तर समोर खाला, हातात रूहअफजाचा ग्लास. कधीपासून उभ्या होत्या माहीत नाही. मला बाजूच्या पोर्चमध्ये घेऊन गेल्या, तिथे जरा ऐकू येतं.

"कोण गेलं?"
मी म्हटलं, कोणी नाही.
"बाबा, मी सत्तरीची आहे. कोण गेलं?"
"सोमनाथची बहीण. त्याला माहीत नाही. सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."
"बहीण त्याची. आणि तुझी कोण?"

मी ग्लासाकडे बघत राहिलो. खालांनी ओढणी डोक्यावर सारखी केली.

मग त्यांचं सांगितलं. लग्न होऊन नवीन नवीन शारजात आल्या होत्या, अल मजाजला राहायच्या. हर्णैला त्यांची आई वारली. नवऱ्याने, जावांनी, शेजारणींनी, सगळ्यांनी लपवलं. "महिनाभर, नागेश. मी त्या महिन्यात नवे पडदे शिवले. हसत होते, शेजारणीला विचारत होते की हा रंग माझ्या आईला आवडेल का. ती हो म्हणायची. नंतर कळलं तेव्हा आईचं दुःख होतंच. पण त्या पडद्यांचं… नवरा चांगला माणूस होता माझा, अल्ला त्याला जन्नत देवो. पण तो महिना मी त्याला माफ नाही केला. अजून नाही केला."

उठताना म्हणाल्या, "माडाचं कारण सांगू नकोस. माणूस जमिनीवर असताना सांगता येतं. आजच सांग."

११ जुलै, शुक्रवार

नाही सांगितलं.

सकाळपासून त्याच्या मागे मागे फिरलो. तो कपडे धूत होता. बादली धरून उभा राहिलो. शेवटी त्यानेच विचारलं, "काय रे, काही बोलायचंय का?"
"नाही. तुला?"
"मला काय बोलायचं असणार?"
मग दोघांनी मिळून चादर पिळली.

१२ जुलै, शनिवार

मारला फवारा. मीच मारला. सोमादाने पाइप धरला. तोंडाला मास्क, हातात मोजे. सुपरवायझर लांब सावलीत. आधी लॉन. दोन-चार भोकांतून नुकतेच कोणी अर्धे वर आले होते, तिथेच थांबले. मग झाड. वरून पटापट पडायला लागले. टोपीवर, खांद्यावर, कॉलरच्या आत. एक माझ्या बुटावर पडला आणि तिथे पण ओरडला, जराच वेळ.

खालांनी खिडकी लावून घेतली.

झाडून तीन पिशव्या भरल्या. साहेबाने इंग्रजीत थँक्यू म्हटलं, सरबत पाठवलं. सोमादाने ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सांगावं. तेवढ्यात रूमवर नेणारी गाडी आली.

उद्या सांगणार. खालांची शप्पथ. दुपारी सुट्टीत त्याच्या झाडाखाली जाऊन त्याला उठवणार आणि सांगणार. त्याच्या पाया पडेन. माझं पण सांगेन. मारलं तर मारू दे.

१३ जुलै, रविवार

दुपारी गेलो. आवाज नव्हता. एवढी शांतता की एसीतून पडणाऱ्या पाण्याचे थेंब ऐकू येत होते. मोटारीच्या खोलीच्या अलीकडेच पाय थांबले. पलीकडून कोणीतरी रडत होतं. टॉवेल तोंडात कोंबून रडतात तसं.

सोमादा.

मला बघून त्याने तोंड पुसलं नाही. मी काहीच सांगितलं नाही. सांगायला राहिलं काय होतं? शेजारी बसलो. विचारलं, कधीपासून?

"बॅनर आला तेव्हापासून."

"मग इतके दिवस मला का नाही बोललास?"

"कसं सांगू रे तुला? सगुने शिमग्यालाच सांगितलं होतं मला तुमचं, तू स्वतः बोलेपर्यंत कळल्याचं दाखवू नको म्हणाली होती. तुझी बायको होणार होती ना ती."